मुकी इमारत आणि तिचं रजिस्टर

आवाज नसलेल्या सिनेमाचं नाव काढलं की आपल्यातला कुणीतरी विचारतोच, "काहून पाहाचा बा असा पिच्चर?" प्रश्न रास्त आहे. ज्यांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या दाबला गेला, ज्यांच्यासाठी बाबासाहेबांना 1920 साली 'मूकनायक' काढावं लागलं, त्यांनी मौनाचं कौतुक का करावं?

तरी मी म्हणतो, शांताल आकरमनचा 'हॉटेल मॉन्टेरे' पाहा. 1972 सालचा. आकरमन बेल्जियमची ज्यू पोरगी, आई आउशवित्झमधून वाचलेली. न्यूयॉर्कातलं एक स्वस्त हॉटेल, तिथं बहुतेक गरीब, म्हातारी, एकटी माणसं. बाबेत मांगोल्त कॅमेऱ्यावर. तासाभराच्या सिनेमात संवाद नाही, संगीत नाही, निवेदन नाही. तळमजला, लिफ्ट, खोल्या, लांबच लांब बोळ आणि शेवटी पहाटेची गच्ची. लिफ्टचं दार उघडतं, बाहेरचा माणूस कॅमेरा पाहून बिचकतो, दार मिटतं. एका खोलीत गरोदर बाई नुसती बसलेली. बस्स.

यातली मोठी गोष्ट ही की त्या बाईच्या डोक्यावरून कुणी बोलत नाही. आपल्याकडं टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट सक्तीनं दाखवत. पडद्यावर आदिवासी नाचायचा अन् बोलायचा मात्र कुणा साहेबाचा भारदस्त आवाज. तो आवाज आकरमननं बंद केला. एवढ्यासाठी तिला सलाम.

पण माझं भांडणही इथंच सुरू होतं. 1917 साली बडोद्यात बाबासाहेबांना कुठं खोली मिळेना. पारशी सराईत पारशी नावानं रजिस्टरात नोंद करावी लागली. वरच्या मजल्यावर ते एकटे. मिणमिणता कंदील, मोडक्या सामानाची अडगळ, वटवाघळं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. आता काढा त्या खोलीचा मुका सिनेमा. काय दिसेल? कंदील दिसेल, जिना दिसेल. जात दिसणार नाही. ती भिंतीवर लिहिलेली नसते, रजिस्टरात असते. मॉन्टेरेचं रजिस्टर आकरमन उघडत नाही. ही माणसं कोण, इथं का येऊन पडली, हे सिनेमा संपला तरी कळत नाही. मौनानं त्यांची अब्रू राखली, पण त्यांचा जाबही मुका राहिला.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मित्रांनो, कॅमेरा आज खिशात आहे. आश्रमशाळेची झोपायची खोली, जंगलखात्याचं रेस्ट हाऊस, मालगुजाराचा जुना वाडा, राहणाऱ्यांना विचारून, घाई न करता टिपा. मोळीवाली कोणत्या दारानं आत येते? ओसरीच्या पुढं कोण जात नाही? निवेदक नकोच. पण शेवटी तिथं राबणाऱ्याला त्याच्या बोलीत बोलू द्या. माडियात बोलला तर माडियात.

अन् रजिस्टर उघडून दाखवा.