तीस छायाचित्रांत शिकणारे यंत्र

यंत्राला ‘शिकवणे’ म्हणजे काय, हे कोणालाही स्वतः करून पाहता यावे म्हणून गूगलने २०१७ साली ‘टीचेबल मशीन’ हे साधन विनामूल्य खुले केले. २०१९ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर आंब्याचे पान धरून वीस-तीस छायाचित्रे घ्यायची, मग पिंपळाच्या पानाची तेवढीच. बटण दाबले की थोड्याच वेळात यंत्र दोन्ही पाने ओळखू लागते. यंत्राला येथे नियम नव्हे, उदाहरणे दिली जातात, ही गोष्ट आठवीतल्या मुलालाही सहज उमगते. नुसत्या व्याख्यानाने हे साधत नाही. साधनाचे हे श्रेय मान्य करायलाच हवे.

तरीही दोन बाबतींत मुलांचा गैरसमज होतो, असे आम्हांस वाटते.

पहिली बाब म्हणजे, यंत्र तीस छायाचित्रांत शिकते हे अर्धसत्य आहे. पडद्यामागे ‘मोबाइलनेट’ नावाचे, आधीच शिकून तयार झालेले जाळे असते. हजार प्रकारच्या वस्तूंची बारा लाखांहून अधिक छायाचित्रे त्याला दाखवलेली आहेत, आणि ती कशाची आहेत हे माणसांनी पाहून ठरवलेले आहे. मुले त्यावर फक्त शेवटचा थर चढवतात. हे श्रम दिसत नाहीत, म्हणून यंत्र उपजतच हुशार वाटते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. हे यंत्र ‘मला माहीत नाही’ असे म्हणत नाही. समोर चप्पल धरली, तरी ते शंभर टक्के आंबा आणि पिंपळ यांतच वाटून टाकते. ही टक्केवारी म्हणजे सत्याची खात्री नव्हे. ती दिलेल्या पर्यायांमधील तुलना असते. हे न कळलेला विद्यार्थी उद्या संभाषण करणाऱ्या यंत्राला औषधाविषयी विचारील, तेव्हा ठाम सूर म्हणजेच ज्ञान असे समजेल.

म्हणून शिक्षकांनी हे साधन जरूर वापरावे, पण यंत्र बरोबर उत्तर देताच तास संपवू नये. वाळलेले पान दाखवावे. आंब्याची सर्व छायाचित्रे खिडकीपाशी आणि पिंपळाची फळ्यापाशी घेऊन, नंतर जागा बदलून पाहावे. यंत्र चुकले, तर ते पान ओळखत होते की भिंत, हा प्रश्न मुलेच विचारतील. खरा पाठ तेथून सुरू होतो.