अतिसंवाहकता आणि चुंबकत्व : एक अर्धवट वाक्य

अतिसंवाहकतेवरच्या लोकप्रिय लेखांत 'चुंबकत्व हे अतिसंवाहकतेचे शत्रू' हे वाक्य तरंगत्या चुंबकाच्या चित्रासह हमखास भेटते. चित्र बरोबर आहे. अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटतो, हे १९३३ पासून माहीत आहे. क्षेत्र फार तीव्र झाले, तर अतिसंवाहकताच नष्ट होते, हेही खरे. वाक्य मात्र अर्धवट आहे.

त्याला उत्तर मुंबईतच मिळाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन, एल. सी. गुप्ता व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता दाखवली. या थरयुक्त संयुगात यिट्रियमऐवजी होल्मियम घातले, तर ती सुमारे ८ केल्विनला येते. ५ केल्विनच्या आसपास होल्मियमचे अणुचुंबक मळसूत्री रचना घेतात, तेव्हा ती जवळजवळ मावळते. आणखी थंड केल्यावर एका थरातील अणुचुंबक एका दिशेला, तर शेजारच्या थरातील उलट दिशेला वळतात. बेरीज शून्य होते आणि अतिसंवाहकता परतते! म्हणजे चुंबकत्व आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. त्याची मांडणी पाहावी लागते.

तांब्याच्या ऑक्साइडांत आणि २००८ पासून गाजलेल्या लोहयुक्त संयुगांत तर चुंबकीय आंदोलनेच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवत असावीत, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

तरंगता चुंबक दाखवायला शहागडसारख्या गावी द्रव नायट्रोजन कोठून आणणार? तेथे विद्यार्थ्याच्या हाती शिक्षकाचे वाक्यच उरते. ते 'शत्रू'वर न थांबवता 'कोणत्या मांडणीत?' या प्रश्नापर्यंत न्यावे.