गाळलेला शब्द : अमेरिकी समता-विधेयकांचे पाठभेद

जुन्या पोथीच्या अभ्यासकाला पाठभेद मोलाचे वाटतात. कोणता शब्द कोणत्या प्रतीत आला आणि कोणत्या प्रतीत गळला, यावरून संहितेचा प्रवास कळतो. कायद्यांचे मसुदेही असेच वाचले पाहिजेत, असे माझे मत आहे. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर नागरिकांना भेदभावापासून संरक्षण देणारा सर्वंकष संघीय कायदा अमेरिकेत पन्नास वर्षांच्या प्रयत्नांनंतरही झालेला नाही. त्याचे मसुदे मात्र बरेच आहेत, आणि दर वेळी कोणाला आत घेतले व कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, हे त्यांत नोंदलेले आहे.

मूळ संहिता १९६४च्या नागरी हक्क कायद्याची. नोकरीत वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास बंदी घालणाऱ्या यादीत व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ यांनी ‘सेक्स’ हा शब्द घालायला लावला. स्मिथ नागरी हक्कांचे विरोधक होते. त्यांना विधेयक बुडवायचे होते का, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. शब्द टिकला, पण नोकरीच्या प्रकरणापुरताच. हॉटेले, नाट्यगृहे अशा सार्वजनिक जागांच्या प्रकरणात तो आलाच नाही.

१९७४ मध्ये बेला ॲबझग आणि एड कॉच यांनी लिंग, वैवाहिक स्थिती आणि लैंगिक कल या तिन्हींना संरक्षण देणारे व्यापक विधेयक मांडले. ते पुढे सरकले नाही. १९९४ मध्ये मागणी नोकरीपुरती आखडली गेली. ‘एन्डा’ नावाने ओळखले जाणारे हे विधेयक १० सप्टेंबर १९९६ रोजी सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५० असे एका मताने पडले. त्याच दिवशी त्याच सभागृहाने संघीय कायद्यापुरता विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचाच, असे ठरवणारे विधेयक ८५ विरुद्ध १४ मतांनी संमत केले.

माझ्या दृष्टीने कळीचा पाठभेद २००७चा आहे. बार्नी फ्रँक यांच्या पहिल्या मसुद्यात लैंगिक कलाबरोबर लिंगओळखही होती. मते जुळत नाहीत असे दिसताच दुसरा मसुदा आला आणि त्यातून लिंगओळख गाळली गेली. हक्क टप्प्याटप्प्यानेच मिळतात, हे त्यामागचे समर्थन. ते सहज झटकून टाकण्यासारखे नाही. प्रतिनिधिगृहाने २३५ विरुद्ध १८४ मतांनी विधेयक संमतही केले. पण सिनेटने ते हाती घेतले नाही. ज्यांना गाळले त्यांच्या बदल्यात पदरात काहीच पडले नाही. शिवाय उरलेल्यांचे संरक्षणही लेचेपेचे झाले होते. ‘समलिंगी म्हणून नव्हे, बायकी वागतो म्हणून काढले,’ अशी पळवाट मालकाला मिळाली असती. एक शब्द काढला की शेजारचा शब्दही सैल होतो.

पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बोस्टॉक’ निकालात ६ विरुद्ध ३ मतांनी १९६४च्या त्याच ‘सेक्स’ शब्दात समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचारी दोघेही येतात, असे ठरवले. या खटल्यांतील एक पक्षकार एमी स्टीफन्स. ट्रान्सजेंडर स्त्री म्हणून कामावर येणार असे कळवल्यावर मिशिगनमधील अंत्यविधीगृहातली त्यांची नोकरी गेली होती. निकालाच्या महिनाभर आधी त्यांचे निधन झाले. २००७च्या मसुद्यात त्यांना जागा नव्हती. पण हा निकाल नोकरीचा. दुकान, उपाहारगृह यांबद्दल मूळ कायद्याचे मौन तसेच आहे.

तडजोड नेहमीच वाईट, असे मी म्हणत नाही. २०२२चा विवाह-सन्मान कायदा तडजोडीतूनच झाला. समलिंगी विवाहाचा परवाना द्या, अशी सक्ती तो राज्यांवर करत नाही. दुसऱ्या राज्यात कायदेशीरपणे झालेला विवाह नाकारू नका, एवढेच सांगतो. धार्मिक संस्थांना त्यात सूट आहे. येथे मागणी कमी झाली, पण एका गटाला वगळून दुसऱ्याला घेतले नाही. मागणी कमी करणे आणि माणसे कमी करणे, हा फरक २००७ मध्ये पुसला गेला होता.

आता भांडण त्या एका शब्दाच्या व्याख्येवर आले आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केलेले समता विधेयक ‘सेक्स’मध्ये लैंगिक कल आणि लिंगओळख धरते, आणि सार्वजनिक जागांनाही लागू होते. सिनेटमध्ये चर्चा संपवण्यासाठी लागणारी ६० मते त्याच्यापाशी नव्हती. उलट, मुलींच्या क्रीडास्पर्धांविषयीचे विधेयक तोच शब्द जन्मवेळच्या प्रजननशास्त्र आणि जनुकांपुरता बांधून टाकते. जानेवारी २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते २१८ विरुद्ध २०६ मतांनी संमत केले. मार्चमध्ये सिनेटमध्ये त्याला ५१ मते पडली, आणि तेही साठाच्या अटीपाशी अडले.

मराठीत ‘सेक्स’ आणि ‘जेंडर’ दोन्हींना आपण सर्रास ‘लिंग’ म्हणतो. त्यामुळे हा सारा झगडा आपल्या बातम्यांत सपाट होतो आणि दोन्ही विधेयके एकाच विषयावरची वाटतात. लिंग, लिंगभाव, लिंगओळख, लैंगिक कल हे शब्द वेगळे ठेवण्याची शिस्त आपल्या संपादकांनी आणि अनुवादकांनी पाळायला हवी. अमेरिकेतला पुढचा मसुदा येईल तेव्हा त्याच्या नावापेक्षा त्यातील व्याख्येचे कलम आधी वाचावे, आणि मागच्या प्रतीतला कोणता शब्द त्यात नाही, ते पाहावे.