नुसताच धूर : क्रमांक विकत मिळतो तेव्हा

न्यायशास्त्रातलं अनुमानाचं ठरलेलं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. धुकं पाहून धूर समजण्याची गफलत जुन्या तार्किकांनी विचारात घेतली होती. पण मंडळी, धुकं काही आपल्याला फसवायला पडत नाही. धूर विकणारा दुकानदार त्यांच्यापुढे नव्हता, तो आपल्यापुढे आहे.

संकेतस्थळांचा लोकप्रियतेचा क्रम अलेक्सा ही कंपनी लावत असे. १९९९ मध्ये ती अ‍ॅमेझॉनने घेतली आणि १ मे २०२२ ला ती सेवा बंद झाली. बरीच वर्षं तिची मोजणी टूलबार बसवणाऱ्यांवर चाले. आता तो हौसेनं बसवणार कोण? ज्याला स्वतःचा क्रमांक वर न्यायचाय तो! ऑफिसातल्या दहा जणांनी आपलंच पान रोज उघडलं की लहानसं स्थळ वर सरके. परीक्षार्थीच पेपर तपासायला बसलेले.

हे परदेशातलं झालं म्हणाल, तर आपल्याकडचा टीआरपी बघा. ८ ऑक्टोबर २०२० ला मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांनी आरोप केला, की मीटर असलेल्या घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये देऊन ठरावीक वाहिनी चालू ठेवायला लावतात. २०२४ मध्ये न्यायालयाच्या परवानगीनं तो खटला मागे घेतला गेला, तेव्हा दोषी कोण हे मी सांगणार नाही. माझी तक्रार त्या वेळच्या चर्चेबद्दल आहे. पैसे कुणी दिले, एवढंच सगळे विचारत होते. एवढे थोडे पैसे पुरतील असं कुणाला वाटूच कसं शकतं, हे फार थोड्यांनी विचारलं.

हिशेब सोपा आहे. २०२० मध्ये मीटर होते सुमारे ४४ हजार, टीव्हीची घरं वीस कोटींच्या आसपास. म्हणजे एक मीटर साधारण साडेचार हजार घरांच्या वतीनं बोलत होता. त्यावर जाहिरातीचा पैसा वाहतो. संपादक दर आठवड्याला तोच आकडा बघतो आणि कुणाला भांडायला बसवायचं ते ठरवतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापूरची बातमी तिथे कुठून टिकणार? त्यासाठी लबाडी व्हायलाही नको, प्रामाणिक आकडासुद्धा हेच करतो.

ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर होत नव्हते. त्या काळात आरडाओरडा कमी झाल्याचं मला तरी आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर प्रश्नोत्तरांत सांगा.