लोकगीतांच्या पुस्तकाला आवाज हवा

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत बायका नाचत गातात त्या धालोंची गाणी आज पुस्तकात वाचता येतात. पण पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे धालोंसाठी राखलेल्या जागेत, समोरासमोर उभ्या राहिलेल्या बायकांच्या दोन रांगांपैकी एकीची ओळ दुसरी कुठे उचलते, हे छापील पान सांगू शकत नाही. दशावतार या लोकनाट्याची अडचण आणखी मोठी. कथानक ठरलेले असते, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो, आणि पेटी, मृदंग, झांज त्याच्याबरोबर चालतात. लिखित संहिताच नसल्यामुळे या प्रयोगाची नोंद ध्वनीशिवाय अपुरीच राहते.

संगणकावरच्या मजकुरात ध्वनी बसवण्याची सोय जुनी आहे. 1992च्या विंडोज 3.1मध्येच वर्डच्या पानावर आवाजाचे चिन्ह ठेवता येत होते. त्यावर दोनदा टिचकी मारली की ध्वनी वाजे. पुढे पीडीएफमध्येही ध्वनी आला. पण त्यातला बराचसा फ्लॅश या जोडणीवर विसंबलेला होता. 2020च्या अखेरीस फ्लॅश बंद झाले आणि अशी कितीतरी पाने मुकी झाली. आज परिस्थिती बरी आहे. 2011च्या ईपब 3 या ई-पुस्तकांच्या स्वरूपात आवाज चालू असताना तीच ओळ पानावर उजळते, आणि 2014मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल 5मुळे ब्राउझरला वेगळी जोडणी लागत नाही. साधने आहेत, उणीव आहे ती संपादनाची.

संपादन कसे असावे, हे मराठीतच दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणाला आणि संगणकीय संग्रहाला आकार दिला. 2017पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारतावरचे संकेतस्थळ त्या ओव्या प्रसिद्ध करते. तिथे ओवीचे शब्द, अनुवाद, गाणारीचा आवाज, तिचे नाव आणि गाव एकत्र भेटतात. ऐकणाऱ्याला ओवी कळते आणि ती कुणाची हेही कळते.

गोव्यातल्या घुमट आरत्या आणि दशावतार फोनवर भरपूर फिरतात, पण बहुतेक चित्रफितींबरोबर गाव, वर्ष, गाणाऱ्यांची नावे नसतात. फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो. त्यात घुमट या वाद्याची थाप चेपते आणि साथीच्या समेळ या वाद्याशी असलेले तिचे नाते हरवते. घुमटावर पूर्वी घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचे आले. दोन्हींच्या नादातला फरक शब्दांनी कितीही वर्णिला तरी कळत नाही. जुने ध्वनिमुद्रण असेल तर दोन्ही थापा लेखातच शेजारी ठेवाव्यात आणि वाचकाने कानांनी निवाडा करावा. असे लेखन मला समीक्षेचे पुढचे पाऊल वाटते.

त्यासाठी थोडी शिस्त लागते. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटच्या स्टिरिओ वेव्ह मुद्रणाला तासाला सुमारे एक जीबी जागा लागते. रात्रभराचा दशावतार लेखाच्या पानात कोंबणे शहाणपणाचे नाही. मूळ मुद्रण दोन ठिकाणी जपावे. लेखात निवडक तुकड्यांची एमपी3 प्रत बसवावी, ती मिनिटाला सुमारे एक एमबी होते. प्रत्येक तुकड्याखाली स्थळ, तारीख, कलाकार आणि प्रसंग लिहावा. मुद्रणापूर्वी धालोंतल्या बायकांची संमती घ्यावी, काय प्रसिद्ध करायचे ते त्यांनाही ठरवू द्यावे, आणि पैसे मिळाले तर त्यांचा वाटा द्यावा.

विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ अंबिये महाविद्यालय पेडण्यात आहे, साखळीचे सरकारी महाविद्यालय डिचोली तालुक्यात. दोन्हीकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी धालोंची गाणी म्हणणाऱ्या आज्या असतील. दरवर्षी एका मांडाचे बोलके पुस्तक करणे हा तिथला अभ्यासक्रम व्हावा. आज्यांच्या आवाजापर्यंत विद्यार्थी पोचू शकतात तोवरच हे साधेल. म्हणून सुरुवात येत्या पौषातच करायला हवी.