दोन चौकटींचा ‘पाट’

फलकावर आजचा विषय ‘भाषा आणि अर्थ’ असा लिहिला आहे. विषय भारदस्त आहे. आम्ही मात्र तो शब्दकोड्याच्या दोन चौकटींत बसवणार आहोत. आमचे निम्मे आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेले, आणि त्याच काळात रोज सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्रातले कोडे सोडवण्यातही गेले. दुसऱ्या उद्योगाने पहिल्याला बरेच काही शिकवले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कोड्याची समीक्षा कसली करायची, असं कुणाला वाटेल. आमचे म्हणणे असे, की कोड्यातले शोधसूत्र, म्हणजे आपण बोलताना ज्याला ‘क्लू’ म्हणतो ते, अर्थनिर्णयाचे सर्वांत छोटे रूप आहे. सूत्रकार एक शब्द घेतो, त्याच्या अनेक अर्थांतून एक निवडतो, आणि तो तीन-चार शब्दांत सांगतो. निवड आली की तिथे मूल्य आले. आणि मूल्य आले की समीक्षेला जागा झाली.

पहिले छापील शब्दकोडे आर्थर विन यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी दिले. त्यात एक गंमत आहे. ‘डव्ह’ हा एकच शब्द त्यात दोनदा येतो. एका ठिकाणी सूत्र आहे ‘पक्षी’, दुसऱ्या ठिकाणी ‘कबूतर’. बहुधा ही विन यांची नजरचूक असावी. पण आमच्यासारख्याला ती मोलाची वाटते. उत्तर तेच, मात्र एकदा ते लांबून दाखवले आहे आणि एकदा जवळून. म्हणजे उत्तर बरोबर असणे वेगळे आणि सूत्र चांगले असणे वेगळे, हे पहिल्याच कोड्यात दिसून गेले.

आता मराठीकडे येऊ. आमचा शब्द आहे ‘पाट’. दोन अक्षरे. लहान मुलालाही येणारा शब्द. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून पुढे निघाला. असा कुठलाही जुना कोश उघडा. ‘पाट’ म्हणजे बसायची बुटकी लाकडी फळी. ‘पाट’ म्हणजे शेताला पाणी नेणारा कालवा किंवा चर. आणि ‘पाट’ म्हणजे विधवेचा किंवा सोडलेल्या बाईचा पुनर्विवाह. आणखीही अर्थ आहेत, पण आज हे तीन पुरेत.

मराठी कोड्यात एका चौकटीत एक अख्खे अक्षर असते, काना-मात्रा-वेलांटीसकट. इंग्रजीत आडव्या-उभ्याच्या छेदावर एक सुटा वर्ण मिळतो. आपल्याकडे ‘पा’ असा पुरा घास मिळतो. दोन अक्षरी शब्द असेल तर अर्धे उत्तर हातात आलेच. मग उरतात पाट, पाठ, पाय, पान, पाप, पार, पाल, पाव, पाश. यातून एक उचलायचा. त्यामुळे लहान शब्द भरायला सोपा जातो, आणि सूत्रकार त्याच्या बाबतीत आळशी होतो. कसेही सूत्र दिले तरी सोडवणारा ते सोडवतोच ना! आमची पहिली तक्रार या आळसाबद्दल आहे.

हा आळस समानार्थी शब्दाच्या रूपाने येतो. सूत्र असते ‘आसन’, उत्तर ‘पाट’. आता ‘आसन’ म्हणजे गादीही चालेल, खाटही चालेल, आणि संस्कृत जाणणारा ‘पीठ’ लिहून मोकळा होईल. प्रत्येक पाट आसन आहे, पण प्रत्येक आसन पाट नाही. दुसरे सूत्र असते ‘कालवा’. हे त्यापेक्षा बरे; पण धरणातून निघतो तो मोठा कालवा आणि शेतात शिरते ती पाटाची धार, यातला फरक शेतकऱ्याला विचारा. समानार्थी शब्द नावाची वस्तू मुळात फार थोडी असते. एक शब्द द्या, दुसरा घ्या, असा मोडीचा व्यवहार भाषेत चालत नाही.

मग अर्थ ठरतो कशाने? आपल्याकडे याचे जुने उदाहरण ‘सैंधव’. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडा. जेवताना मालकाने सैंधव मागितले तर नोकराने मीठ आणावे, प्रवासाला निघताना मागितले तर घोडा. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात अशा निर्णयाची साधने मोजून दिली आहेत: साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काळ आणि आणखी काही. शब्दकोडे काय करते? ते शब्दाचे प्रकरण काढून घेते. मालक नाही, ताट नाही, प्रवास नाही. नुसत्या दोन रिकाम्या चौकटी. जे काढून घेतले ते चार शब्दांत परत देणे, हे सूत्रकाराचे काम. ‘आसन’ म्हटल्याने काहीच परत मिळत नाही.

मराठीत ते परत देण्याची एक सोपी वाट आहे. क्रियापद द्या. बघा, पाट घरात मांडतात. पाट रानात काढतात, मग त्याला पाणी सोडतात. आणि तिसरा पाट लावतात. मांडणे, काढणे, लावणे. नाम तेच, क्रियापद बदलले की सगळे जग बदलते. पहिल्यात रांगोळी आणि पंगत आहे, दुसऱ्यात रात्रीची पाळी आणि पाटकरी आहे, तिसऱ्यात दोन माणसांचा मोडून पुन्हा उभा राहिलेला संसार आहे. ‘जेवणाआधी मांडतात’ हे सूत्र ‘आसन’पेक्षा शतपट न्याय्य आहे. ‘घरात मांडतात, रानात काढतात’ हे त्याहून चांगले, कारण त्यात दोन अर्थ एकमेकांना साक्ष देतात. इंग्रजी कूटकोड्यांत ही दोन अर्थांची रीत मान्यच आहे. ‘आफ्रिट’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ साली याचा नियम सांगितला. त्याचा आशय असा, की सूत्राचा वरवरचा अर्थ फसवा असला तरी चालेल, पण नीट वाचल्यावर त्यातला शब्द न् शब्द खरा निघाला पाहिजे. फसवा, पण खोटे बोलू नका. न्यायाची याहून चांगली व्याख्या आमच्या विषयातही फार नाहीत.

इथपर्यंत कारागिरीची गोष्ट झाली. आता जरा अवघड जागेकडे जाऊ.

पहिल्या दोन अर्थांची सूत्रे आम्ही इतक्या वर्षांत कितीदा तरी पाहिली. त्यातही फळी वारंवार, कालवा कधीमधी. तिसऱ्या अर्थाचे सूत्र आमच्या पाहण्यात एकदाही आले नाही. कुणी ठरवून गाळला असे आम्ही म्हणत नाही. पण ‘पाट’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे आधी काय येते, हे कुणाच्या घरात आपण वाढलो त्यावर ठरते. कोड्यातला नेहमीचा अर्थ हा सूत्रकाराच्या घरातला अर्थ असतो, आणि रोज छापून आला की तो सगळ्यांचा ‘मुख्य अर्थ’ होऊन बसतो.

यात गमावतो काय? विधवाविवाहाचा इतिहास आपण शाळेत शिकतो: १८५६चा कायदा, मग १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी केलेले लग्न. हा इतिहास खरा आहे, त्यातले धैर्यही खरे आहे. पण तो मुख्यतः त्या जातींचा इतिहास आहे, जिथे विधवेला पुन्हा लग्नाची बंदी होती. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत विधवेचा पाट कायद्याच्या आधीपासून लागत होता. त्याला लग्नाचा मान नव्हता, विधी कमी होते, ‘लग्नाची’ आणि ‘पाटाची’ असा भेद बायकांना टोचत असे, हेही खरे. तरी ती रीत होती. हे सगळे दोन अक्षरांत साठवलेले आहे. ते सूत्रात कधीच आले नाही, तर पुढच्या पिढीला हा अर्थ कोशात शोधायचेही सुचणार नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना सांगतो आहोत, पण यात आमचाही हिशेब चुकता व्हायचा आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी आम्ही एक कोडे रचले होते. त्यात ‘पाट’ होता, आणि सूत्र दिले होते ‘पंगतीत बसायला हवा’. अंक निघाल्यावर प्रवरेच्या कालव्यावरच्या गावाचा एक विद्यार्थी भेटला. म्हणाला, “सर, पाट म्हटलं की आम्हाला पाणी आठवतं.” आम्ही हसून म्हटले, बरोबर आहे, तोही अर्थ आहे. मग तो थोडा थांबून म्हणाला, “आणि आमच्या आजीचा पाट लागला होता. तो अर्थ चालला असता का?” आम्ही पटकन म्हणून गेलो, “अरे, कोड्यात तसले अर्थ घेत नाहीत.”

त्याने मान हलवली आणि तो गेला. वाद घातला नाही. वर्षभर त्याच वर्गात आम्ही अर्थविचार शिकवत होतो. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, असे विट्गेनश्टाइनच्या हवाल्याने फळ्यावर लिहीत होतो. आणि कुणाच्या तरी घरात जिवंत असलेल्या वापराला ‘तसला’ म्हणालो. आमच्या शब्दात शिवी नव्हती, अपमानाचा हेतूही नव्हता. पण हेतू नसणे हे उत्तर होत नाही. आफ्रिटच्या नियमाने पाहिले तर आमचे सूत्र खोटे नव्हते. आमचे उत्तर मात्र खोटे होते. तो अर्थ चालला असता.

यावर आक्षेप घेता येईल. कोडे हा सकाळचा विरंगुळा आहे, त्यात समाजशास्त्र कशाला? शिवाय ‘पाटाची’ या शब्दाने ज्या बायकांनी बोलणी खाल्ली, त्यांच्या नातवंडांना तो चहाबरोबर का वाचायला लावायचा? दुसरा आक्षेप आम्हाला गंभीर वाटतो. म्हणूनच सूत्र कसे लिहितो याला महत्त्व आहे. ‘हलक्या प्रतीचे लग्न’ असे लिहिले तर जुना अपमान नव्याने छापला जाईल. क्रियापद दिले, माणसे दिली, तर अर्थ येईल आणि त्यावरची थुंकी मागे राहील. विरंगुळ्याचे म्हणाल, तर जी भाषा आपल्याला करमणुकीलाही पुरत नाही, ती विचाराला कुठून पुरणार?

आज ते कोडे पुन्हा रचायचे झाले, तर आम्ही असे लिहू: ‘घरात मांडला, रानात काढला, आजीचा लागला (२)’. सूत्र थोडे लांब आहे, संपादक कदाचित कात्री लावतील. लावली, तर आमची विनंती एवढीच राहील, की ती पहिल्या दोन शब्दांवर लावा. ‘आजीचा लागला’ तेवढे ठेवा. तो विद्यार्थी आता साठीचा असेल. सकाळी कोडे सोडवत असला, तर दोन चौकटी त्याला लगेच भरता येतील.