व्यवसायाधारित वर्गीकरण आणि सामाजिक-आर्थिक स्तर : मराठवाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
सामाजिक सर्वेक्षणातील 'व्यवसाय' हा रकाना भरण्यास सोपा समजला जातो. प्रत्यक्षात निष्कर्षाची दिशा बऱ्याच अंशी तेथेच निश्चित होते. कारण कोणाला एका वर्गात ठेवावयाचे, हा निर्णय क्षेत्रकार्यापूर्वीच झालेला असतो. जनगणनेची वर्गवारी व कुप्पुस्वामी श्रेणी ही सहज उपलब्ध साधने छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसरातील श्रमजीवनास कितपत लागू पडतात, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

जनगणनेतील वर्गवारी :
१९९१ च्या जनगणनेत मुख्य काम करणाऱ्यांचे नऊ वर्ग होते. २००१ पासून शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील व इतर असे चारच वर्ग उरले. परिणामी वाळूज औद्योगिक वसाहतीतील कायम कामगार, त्याच यंत्रावरील कंत्राटी कामगार, व्यापारी आणि प्राध्यापक हे सर्व 'इतर' ठरतात. सविस्तर तक्त्यांत व्यवसायनिहाय तपशील असतो. परंतु केवळ प्राथमिक गोषवाऱ्यावर विसंबणाऱ्या अभ्यासास तो गवसत नाही. शहरात घराच्या आवारातील उद्योगच 'घरगुती' मानला जातो. त्यामुळे घरच्या मागावर हिमरू विणणारा विणकर दुसऱ्याच्या कार्यशाळेत जाऊ लागताच 'इतर' होतो. कौशल्य तेच राहते, वर्ग मात्र बदलतो.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत ही अडचण अधिक गंभीर आहे. बीडसह मराठवाड्यातील अनेक तालुक्यांतून ही कुटुंबे हंगामात पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि उरलेले महिने स्वतःची कोरडवाहू शेती किंवा गावातील मजुरी करतात. एका व्यक्तीस एकच वर्ग देणाऱ्या पद्धतीत ही दुहेरी उपजीविका लुप्त होते. शिवाय पती-पत्नीची जोडी 'एक कोयता' म्हणून गणली जाते व मुकादमाकडील उचल सामान्यतः पुरुषाच्या नावे असते. स्त्रीचे श्रम जेथे व्यवहारातच स्वतंत्र मोजले जात नाहीत, तेथे सर्वेक्षकाने ते मुद्दाम विचारले नाहीत तर नोंदीतही येत नाहीत.

कुप्पुस्वामी श्रेणी :
१९७६ ची ही श्रेणी शहरी कुटुंबांसाठी असून ती कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, त्याचा व्यवसाय व कुटुंबाचे उत्पन्न यांना गुण देते. मूळ श्रेणीत कारकून, दुकानदार व शेतमालक यांना सारखेच पाच गुण, तर कुशल कामगारास चार गुण आहेत. जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, नोकरी कायम की कंत्राटी, हे प्रश्न त्यात नाहीत. उत्पन्नाच्या मर्यादा महागाईनुसार सुधारल्या जातात. सुधारित आवृत्त्यांत व्यवसायांची यादीही विस्तारली. तथापि कुटुंबप्रमुखाच्या व्यवसायावरून साऱ्या कुटुंबाचा स्तर ठरविण्याची रीत कायम राहिली.

निष्कर्ष :
प्रमाणित वर्गवारी टाकून देणे हा यावरील उपाय नव्हे. तिच्याविना प्रदेशाप्रदेशांची तुलना अशक्य होईल. परंतु धनंजयराव गाडगीळ यांनी १९३६-३७ मधील पुण्याच्या पाहणीत त्या शहराच्या अर्थजीवनास अनुरूप अशा व्यावसायिक श्रेणी योजल्या होत्या, हा महाराष्ट्रातील आदर्श विसरता येत नाही. मराठवाड्यातील प्रश्नावलीत किमान तीन नोंदी जोडल्या जाव्यात : वर्षातील सर्व कामे व त्यांचे महिने, रोजगाराची शाश्वती, आणि प्रत्येक प्रौढ स्त्रीचे स्वतंत्र काम. लांबलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख २०२५ मध्ये अधिसूचित झाली. तिच्या आकड्यांवर उद्याचे प्रबंध व योजना उभ्या राहतील. कोयत्याचा अर्धा भार उचलणारी स्त्री त्या आकड्यांत दिसते की नाही, यावर त्यांची विश्वसनीयता अवलंबून राहील.